थर जमिनीचा, ठाव समुद्राचा

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातून वाहणाऱ्या प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे एक ओसाड गाव आहे. वस्ती केव्हाच उठून गेली. मागे राहिले ते पांढरीचे टेकाड. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी या टेकाडावर माणसे नांदत होती, मडकी घडवीत होती, शेती करीत होती, हे येथील उत्खननांनी दाखवून दिले. १९७४-७५ च्या हंगामात या उत्खननाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या शिकारीपूर रंगनाथ राव यांचे नाव मात्र पुढे दायमाबादपासून शेकडो कोस दूर असलेल्या समुद्राशी कायमचे जोडले गेले. द्वारकेच्या पाण्यात सोनार यंत्र आणि पाणबुडे उतरवून बुडालेल्या नगरीचा शोध घेणारे, भारतात सागरी पुरातत्त्वाचा पाया घालणारे संशोधक म्हणून डॉ. एस. आर. राव ओळखले जातात.

हयात मातीत घालवलेला पुरातत्त्वज्ञ साठीच्या उंबरठ्यावर समुद्राकडे वळतो, ही गोष्ट विलक्षण खरीच. परंतु राव यांच्या आयुष्याकडे पाहताना त्याहून महत्त्वाचा असा एक प्रश्न वारंवार समोर येतो. एखादी पुरातन वस्तू सापडली, तर ती कोठे सापडली हे सांगता येते. पण ती केव्हाची, हे कोण सांगणार? जमिनीत हे काम मातीचे थर करतात. समुद्राच्या तळाशी ते थर लाटांनी आणि प्रवाहांनी विस्कटलेले असतात. राव यांचे यश आणि त्यांच्यावर झालेली टीका, दोन्ही गोष्टी या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

बडोद्याच्या चाकरीतून लोथलकडे

राव यांचा जन्म १ जुलै १९२२ चा. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे त्यांच्या नावाच्या आरंभी गावाचे नाव येते. शिकारीपूर हे कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यातले गाव. म्हैसूर विद्यापीठातील शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी बडोदा संस्थानच्या पुरातत्त्व विभागात नोकरी धरली. गायकवाडांच्या या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ आणि त्यातले द्वारका क्षेत्रही बडोद्याच्याच अमलाखाली होते. ज्या गावाने पुढे राव यांना कीर्ती दिली आणि वादातही ओढले, ते असे त्यांच्या पहिल्या धन्याच्याच मुलखातले होते. १९४९ मध्ये बडोदा संस्थानचे विलीनीकरण झाले. त्यानंतर राव भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात आले.

तो काळ या खात्याच्या दृष्टीने मोठ्या उणिवेचा होता. फाळणीमुळे मोहेंजोदडो आणि हडप्पा ही सिंधू संस्कृतीची दोन्ही प्रमुख स्थळे पाकिस्तानात गेली होती. सीमेच्या या बाजूला त्या संस्कृतीच्या खुणा कोठवर पोहोचतात, याचा शोध घेणे भाग होते. राव यांनी सौराष्ट्र आणि गुजरातचा भाग पायाखाली घातला. १९५३ ते १९५६ या काळात त्यांनी रंगपूर येथे उत्खनन केले. १९५४ मध्ये त्यांना अहमदाबाद जिल्ह्यातील सरगवाला गावाजवळ लोथलचे टेकाड आढळले आणि पुढच्याच वर्षी तेथे कुदळ पडली.

लोथलला सापडलेली विटांची एक प्रचंड बांधणी राव यांच्या नावाशी निगडित झाली. दोनशे मीटरांहून अधिक लांब आणि सुमारे ३६ मीटर रुंद असलेला हा हौद म्हणजे भरतीच्या पाण्यावर जहाजे आत घेणारी गोदी होय, असे त्यांनी प्रतिपादले. इराणच्या आखातातील घडणीची एक गोल मुद्राही लोथलला मिळाली होती. सागरी व्यापाराचे चित्र त्यांच्या मनात तेव्हाच आकार घेऊ लागले होते.

या गोदीवर सर्वांचे एकमत झाले नाही. ती गोदी नसून शेतीला वा पिण्याला पाणी साठवण्याचा तलाव असावा, असे मत लॉरेन्स लेश्निक यांनी १९६८ मध्ये मांडले आणि पुढे वीस वर्षे हा वाद धुमसत राहिला. त्याला महत्त्वाचे उत्तर मिळाले ते त्या हौदाच्या गाळातूनच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम यांनी १९८८ मध्ये या गाळातील सूक्ष्म जीवांचे कवचावशेष तपासले. फोरामिनिफेरा या नावाने ओळखले जाणारे हे जीव खाऱ्या पाण्यात वाढतात. ते येथे सापडले, म्हणजे या हौदात समुद्राचे पाणी येत होते. राव यांच्या बाजूने पारडे झुकवणारी ही साक्ष गाळाच्या एका अबाधित थराने दिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुरातत्त्वज्ञांना थराचे एवढे मोल का, हे शहरी वाचकाला एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरून समजू शकेल. त्या भिंतीवर दरवर्षी चुन्याचा एकेक हात चढलेला असतो. पापुद्रे सोलत गेले, तर वरचा हात अलीकडचा आणि खालचा आधीचा, हे सांगायला कोणाची साक्ष लागत नाही. टेकाडही असेच वाढते. घर पडते, त्यावर दुसरे बांधले जाते, पूर येतो, गाळ बसतो. ज्या थरात खापर मिळाले, त्या थराचा काळ तोच खापराचा काळ. थराबाहेर मिळालेली वस्तू कितीही सुंदर असली, तरी तिच्या वयाचा दाखला हरवलेला असतो.

प्रवराकाठची कांस्यशिल्पे

अहमदनगर जिल्हा पुरातत्त्वज्ञांना नवा नव्हता. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये आणि पाठोपाठ नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले होते. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले ते याच जिल्ह्यातील गावावरून. दायमाबादचे टेकाड १९५८ मध्ये बा. प. बोपर्डीकर यांनी शोधले. तेथे पहिले उत्खनन म. न. देशपांडे यांनी केले, १९७४-७५ मध्ये राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत शं. अ. साळी यांनी. या तीन उत्खननांतून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक रचलेले आढळले. सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्राही येथे मिळाल्या. सिंधू संस्कृतीची अखेरची पावले गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आली होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

दायमाबादचे नाव जगभर गेले ते मात्र या शास्त्रशुद्ध चरांमुळे नव्हे. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना धातूची चार शिल्पे मिळाली. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. सारी भरीव ओतकामाची; एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे. हत्तीच्या चौथऱ्याची चाके मात्र हरवलेली. प्राचीन भारतातील धातुकामाचा असा नमुना विरळाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात या संचातील शिल्पे पाहायला मिळतात.

ती केव्हाची? देशपांडे, राव आणि साळी या तिघांचेही मत ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे पडले. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी त्याला हरकत घेतली. या शिल्पांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि त्या काळातील इतर वस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही. म्हणून ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातील असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिल्पे कुदळीच्या एका घावाने बाहेर आली होती. भोवतालच्या मातीची नोंद कोणी केली नव्हती. तीन अनुभवी पुरातत्त्वज्ञांना त्या जागेचे थर नंतर तपासावे लागले आणि निष्कर्ष अनुमानाने काढावा लागला.

थराविना वस्तूचे वय सांगणे किती अवघड असते, हा धडा राव यांच्यासमोर प्रवरेच्या काठी असा ढळढळीतपणे उभा राहिला होता. पुढच्या दहा वर्षांत ते अशा ठिकाणी जाणार होते, जेथे थर मिळणे हाच अपवाद होता.

मंदिराच्या अंगणातून

१९७९-८० मध्ये द्वारकेच्या द्वारकाधीश मंदिरासमोरची जागा उत्खननासाठी मोकळी झाली आणि राव यांनी तेथे काम सुरू केले. द्वारकेत याआधीही खणले गेले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ मध्ये तेथे उत्खनन केले होते; झै. दा. अन्सारी आणि म. श्री. माटे यांचा त्यावरील अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील वस्ती इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची, असा त्या उत्खननाचा साधारण निष्कर्ष होता.

राव यांना सध्याच्या मंदिराखाली त्याहून जुन्या मंदिरांचे अवशेष मिळाले. त्यांत नवव्या शतकातील विष्णुमंदिर होते. सर्वांत खाली, पाण्याने झिजलेली खापरे होती. ही खापरे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली आणि समुद्राने गिळलेल्या एका वस्तीची खूण आहेत, असे राव यांनी मानले. गाव समुद्राने गिळले असेल, तर उरलेले गाव समुद्रातच शोधले पाहिजे, हा पुढचा विचार ओघानेच आला.

१९८० मध्ये ते पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले. इतर कोणी आठवणी लिहायला घेतल्या असत्या. राव गोव्याला गेले. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. देशात या विषयाची परंपरा नव्हती. पुरातत्त्वज्ञांना पोहता येत नव्हते, पाणबुड्यांना खापर ओळखता येत नव्हते आणि समुद्रशास्त्रज्ञांचा इतिहासाशी संबंध नव्हता. या तिघांना एका बोटीवर आणणे हेच राव यांचे पहिले काम होते.

आवाजाने पाहण्याची विद्या

समुद्रात प्रकाश फार दूर जात नाही. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. आवाज मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर या गतीने धावतो आणि कठीण वस्तूवर आदळून परत येतो. तो परतायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढता येते. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर हिमनग वेळीच ओळखण्यासाठी या तत्त्वाचा विचार वेगाने सुरू झाला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लँजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांच्या साहाय्याने त्याला उपयुक्त यंत्राचे रूप दिले. ‘सोनार’ हे नाव दुसऱ्या महायुद्धातले.

युद्धानंतरच्या दशकांत हे यंत्र दोन वाटांनी पुढे गेले. एक वाट पाणबुड्याच्या हातात पोहोचली. पाण्यात बुडालेल्या सुरुंगांचा शोध घेणाऱ्या नौदलाच्या पाणबुड्यांसाठी विजेरीसारखे हातात धरायचे सोनार तयार झाले. पाणबुड्या ते समोर धरून हळूहळू स्वतःभोवती फिरे आणि कानाला लावलेल्या ध्वनियंत्रातून सूर ऐके. वस्तू दूर असली की सूर चढा, जवळ आली की खालचा. ज्या दिशेने सूर स्पष्ट होई, तिकडे पोहत जायचे आणि सूर उतरत जाईल तसे वस्तूच्या जवळ पोहोचायचे. कोठे काय आहे, हे सांगायला एवढे पुरेसे होते. ती वस्तू सुरुंग आहे की खडक, हे मात्र त्या सुरावरून नेहमीच कळत नसे. ते हाताने चाचपून ठरवावे लागे.

दुसरी वाट बोटीवरच्या मोठ्या यंत्रांची. साइड स्कॅन सोनारमध्ये माशासारख्या आकाराचे एक उपकरण दोराने बोटीमागून ओढत नेतात. ते दोन्ही अंगांना पंख्यासारखा आवाज फेकते आणि परतलेल्या प्रतिध्वनींचे चित्र कागदाच्या गुंडाळीवर उमटत जाते. कठीण वस्तू काळी, तिच्यामागची सावली पांढरी. सब-बॉटम प्रोफाइलर हे दुसरे यंत्र कमी कंपनसंख्येचा आवाज तळाखालच्या गाळात शिरवते आणि आत काय दडले आहे, याचा अंदाज देते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले होते. १९६७ मध्ये अशाच यंत्रांच्या साहाय्याने त्याची जागा निश्चित करण्यात आली आणि १९८२ मध्ये ते वर काढण्यात आले. त्याच सुमारास राव द्वारकेच्या समुद्राची आखणी करीत होते.

द्वारकेचे पाणी अवघड आहे. गोमतीच्या मुखाशी ते उथळ, लाटा सततच्या, प्रवाह जोराचा. पावसाळा आणि त्यामागची खवळ गेली की हिवाळ्याचे मोजके महिने हाती राहतात. प्रतिध्वनीमापक, साइड स्कॅन सोनार, गाळाचा वेध घेणारी यंत्रे आणि चुंबकमापक घेऊन संस्थेच्या चमूने तळाची पाहणी केली. पण तळ खडकाळ होता. नैसर्गिक कातळाचा तुटलेला तुकडा आणि माणसाने घडवलेला चिरा यांच्यावरून येणारा प्रतिध्वनी सारखाच. यंत्राने दाखवलेल्या प्रत्येक काळ्या डागावर शेवटी पाणबुड्यालाच उतरावे लागे, शेवाळ खरवडावे लागे आणि बोटांनी कडा तपासावी लागे. खरी पाहणी अशी हातानेच झाली.

पाण्याखाली काय होते

१९८३ पासून नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत हंगामामागून हंगाम हे काम चालले. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात घडीव दगडांच्या रांगा, भिंतींचे पाये आणि अर्धवर्तुळाकार बुरुजांसारख्या बांधण्या आढळल्या. काही चिऱ्यांना एकमेकांत अडकवण्यासाठी खोबणी होत्या. त्यांच्या आसपास मोठ्या संख्येने दगडी नांगर पडले होते. त्रिकोणी, तीन भोकांचे. येथे एक बंदर होते, हे आता निर्विवाद झाले.

द्वारकेच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बेट द्वारकेत आणखी जुने पुरावे मिळाले. तेथे शंखाची एक छोटी मुद्रा सापडली. तिच्यावर तीन मुखांचा प्राणी कोरलेला आहे. अशी आकृती सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर दिसते. लेख कोरलेले एक मातीचे भांडे मिळाले. तेथील खापरांचे वय उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे साडेतीन हजार वर्षे भरले.

या साऱ्याची राव यांनी एकत्र सांगड घातली. तीन भोकांचे नांगर भूमध्य सागरात कांस्ययुगात वापरात होते. म्हणून द्वारकेचे नांगरही त्याच काळाचे. हरिवंशात द्वारकेच्या रहिवाशांनी ओळखीसाठी मुद्रा बाळगावी, असा उल्लेख येतो; बेट द्वारकेची मुद्रा त्याचीच साक्ष. समुद्रातले तट इसवी सनापूर्वी पंधराव्या-सोळाव्या शतकातले आणि ही नगरी म्हणजे महाभारतातली द्वारका, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्वारकेवरील ग्रंथात त्यांनी तो विस्ताराने मांडला. देशभरातील वृत्तपत्रांनी आणि भाविकांनी तो मनापासून स्वीकारला. श्रीकृष्णाची द्वारका सापडली, ही बातमी घराघरांत पोहोचली.

केव्हाचे, याचे उत्तर

अभ्यासकांचे समाधान मात्र पूर्णपणे झाले नाही. आणि ज्यांनी पुढे या निष्कर्षांची फेरतपासणी केली, त्यांत राव यांनीच उभारलेल्या गोव्याच्या विभागातील संशोधक आघाडीवर होते, ही गोष्ट त्या विभागाच्या निकोपपणाची द्योतक मानावी लागेल. ए. एस. गौर, सुंदरेश आणि के. एच. व्होरा यांनी नंतरच्या वर्षांत द्वारका आणि बेट द्वारका येथे पुन्हा पाहणी केली. बेट द्वारकेत उत्तर हडप्पाकालीन वस्ती होती, याला त्यांच्या कामाने बळकटीच मिळाली. द्वारकेच्या समुद्रातील बांधण्यांबद्दल मात्र त्यांचे मत वेगळे झाले. हे चिरे ऐतिहासिक काळात, बहुधा मध्ययुगात भरभराटीला आलेल्या बंदराच्या धक्क्याचे असावेत, असे त्यांना दिसून आले. दगडी नांगरांचीही तीच कथा. तशाच घडणीचे नांगर भारताच्या किनाऱ्यावर अगदी मध्ययुगापर्यंत वापरात होते. आकार जुना असला, म्हणजे वस्तू जुनी ठरत नाही.

‘मेरी रोझ’शी तुलना केली, की अडचण नेमकी कोठे होती हे ध्यानात येते. ते जहाज एका दिवशी बुडाले आणि चिखलात गाडले गेले. त्यातील सारे सामान एकाच तारखेचे. द्वारकेच्या बंदरात मात्र शतकानुशतके जहाजे आली, नांगर तुटले, धक्के ढासळले, नवे बांधले गेले. दीड हजार वर्षांपूर्वीचा नांगर आणि तीनशे वर्षांपूर्वीचा चिरा एकाच खाचेत शेजारी पडलेले असू शकतात. दोघांमध्ये थर नाही. सोनार त्या दोघांनाही सारख्याच निष्ठेने दाखवते.

हाच पेच २००१ मध्ये खंभातच्या आखातात अधिक ठळकपणे समोर आला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने सोनारवर उमटलेल्या चौकोनी आकृत्यांवरून तेथे बुडालेली नगरी असल्याचे जाहीर केले. तळावरून ओढून काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षे आले. लाकूड तेवढे जुने असेलही. परंतु ते त्या आकृत्यांशी संबंधित आहे, हे दाखवणारा थर कोणी पाहिला नव्हता. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी तो दावा स्वीकारला नाही.

राव यांच्या इतर दाव्यांपैकी सिंधू लिपीच्या उलगड्याचा दावाही असाच एकाकी राहिला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ही लिपी संस्कृतशी जवळीक असलेल्या भाषेची असल्याचे प्रतिपादले. बहुसंख्य लिपिशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही आणि ही लिपी अद्याप न वाचलेल्या लिप्यांतच गणली जाते. तुटक पुराव्यांमधून सलग कथा उभी करण्याची ओढ हा राव यांच्या स्वभावाचा भाग होता. याच ओढीने त्यांना लोथलच्या विटांत गोदी दिसली आणि ती साधार ठरली. याच ओढीने द्वारकेत त्यांना पुराव्यापेक्षा पुढे नेले, असे म्हटले तर तो त्यांच्यावर अन्याय होणार नाही.

मागे काय राहिले

तरीही राव यांच्या कामाचे मोजमाप केवळ द्वारकेच्या तारखेवरून करणे अपुरे ठरेल. १९८७ मध्ये जामनगर येथे हिंदी महासागराभोवतीच्या देशांतील सागरी पुरातत्त्वावर परिषद भरली, तिचे शोधनिबंध राव यांच्या संपादनाखाली पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले आणि लोथलच्या गाळावरील निगम यांचे संशोधनही त्याच संग्रहात आले. सागरी पुरातत्त्वाला वाहिलेली संस्था आणि नियतकालिक त्यांच्या पुढाकारातून उभे राहिले. तमिळनाडूच्या पुंपुहार येथेही समुद्रात शोध घेण्यात आला. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकावर सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष, हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी या विभागाच्या पाणबुड्यांनी वर आणली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ पाण्याखाली असलेल्या दगडी बांधणीचा अभ्यासही गोव्याच्या याच संस्थेने केला. म्हैसूर विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली; वर्ल्ड शिप ट्रस्टने पाण्याखालील पुरातत्त्वातील कामगिरीसाठी त्यांचा गौरव केला. ३ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या नव्वदीत, बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले.

द्वारकेचे पाणी त्यानंतरही शांत राहिलेले नाही. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या सागरी विभागाने २००७ मध्ये येथे जमिनीवर आणि समुद्रात काम केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांचा चमू पुन्हा गोमतीच्या परिसरात पाण्यात उतरला. त्यात तीन महिला होत्या. राव यांच्या वेळी कागदाच्या गुंडाळीवर उमटणारी चित्रे आता पडद्यावर लगेच दिसतात आणि पाणबुड्याच्या हातातले सोनार नुसता सूर ऐकवण्याऐवजी गढूळ पाण्यातही समोरच्या वस्तूची आकृती दाखवते. कोठे, या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांत कितीतरी अचूक झाले आहे.

केव्हा, या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही जुन्याच मार्गाने शोधावे लागते. दगडांखाली हललेला नाही असा गाळ मिळाला, त्यात लाकूड, कोळसा किंवा शिंपले मिळाले, तरच चिऱ्यांचे वय ठरेल. राव यांच्या दाव्याचा अंतिम निवाडा व्हायचा असेल, तर तो गोमतीच्या मुखाशी अशाच एखाद्या वीतभर जाडीच्या थरात होईल. दायमाबादच्या टेकाडावर एकावर एक रचलेले पाच थर पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. थर मिळेपर्यंत थांबायचे की हाती आले आहे त्यावरून बोलायचे, यांतून त्यांनी दुसरा मार्ग निवडला. त्या निवडीमुळे वाद झाले. आणि त्याच निवडीमुळे पुरातत्त्वज्ञांची एक संपूर्ण पिढी पाण्यात उतरायला शिकली.